अर्क काढायला बसण्यापूर्वी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवशिक्यांसाठी

आपल्या भागात आजकाल प्रत्येक दुसऱ्या बचत गटाला वनौषधींचं काहीतरी करायचं असतं. केसांचं तेल, शिकेकाईची पूड, निंबोळी अर्क, काढ्याची पाकिटं. हौस चांगली आहे, पण बहुतेकजण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. निंबोळी कधी भिजवलेली नसते आणि पहिल्याच दिवशी साखरेवरचा काढा बाजारात आणायचा असतो. मी अशा गटांबरोबर काम करते. माझं सांगणं एकच: आधी शेताला लागणारा अर्क, मग केसाला आणि अंगाला, मग स्वयंपाकघरातलं. औषध म्हणून पोटात जाणारं सगळ्यात शेवटी, आणि तेही वैद्याला बरोबर घेऊन. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

१. काय काढायचंय ते आधी ठरवा

पानात, सालीत, बियांत शेकडो रसायनं असतात. त्यातली काही थोडीच शरीरावर, किडीवर किंवा बुरशीवर ठळक परिणाम करतात. हळदीतलं कर्क्युमिन, अडुळशातलं व्हॅसिसिन, निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन, हिरड्यातली टॅनिन, शिकेकाईतली सॅपोनिन, तुळशीतलं युजेनॉल. झाड ही रसायनं आपल्या सोयीसाठी करत नाही. किडीने खाऊ नये, गुराने तोंड लावू नये, बुरशी धरू नये, यासाठी ती बऱ्याचदा कामी येतात. त्यामुळे 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' हे वाक्य मनातून काढून टाका.

अर्क म्हणजे हीच रसायनं दाट करून घेणं. कोकमाचं सार आपण पिढ्यान्‌पिढ्या पितो, कोणाला काही होत नाही. पण कोकमाच्या जातीच्या फळांतलं हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल वेगळं काढून वजन उतरवायच्या गोळ्यांत भरलं, तेव्हा काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आल्या. फळ खाऊन पचतं म्हणून त्याचा अर्कही पचेलच असं धरून चालू नका.

२. झाडाची खात्री करून घ्या

सीमेवर राहणाऱ्याला हे जास्त जपावं लागतं. एकाच बाजारात मराठी, कन्नड आणि कोकणी नावं चालतात. गुळवेल मागा की अमृतबळ्ळी, हातात वेल एकच पडते. ब्राह्मीचं तसं नाही. कोणी मंडूकपर्णी देतं, तिची पानं गोल, बेडकाच्या पावलासारखी. कोणी जलब्राह्मी देतं, तिची पानं छोटी आणि मांसल. दोन्हींतली रसायनं वेगळी. माक्याचंही असंच. आपल्याला पांढऱ्या फुलाचा माका हवा असतो, पण बागेत शोभेला लावलेला पिवळ्या फुलाचा वेल सर्रास माका म्हणून उपटून आणला जातो.

म्हणून नाव विचारत बसू नका, फांदी दाखवा. फूल किंवा फळ असलेली फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि त्यावर गाव, तारीख, जागा लिहा. बेळगावच्या शहापुरात केएलई संस्थेचं आयुर्वेद महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत द्रव्यगुण विभाग असतो, आणि वनस्पती ओळखणं हेच त्यांचं काम. कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही चालतील. बेळगावातच नेहरूनगरात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिचं नाव ऐकून काहीजण तेलाची बाटली घेऊन 'पास करून द्या' म्हणत जायला निघतात. ती संशोधन संस्था आहे, शिक्का मारायचं ऑफिस नव्हे.

आणि ही झाडं नवख्याने हातात धरूच नयेत: गुंज, कण्हेर, धोतरा, बिब्बा. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, आणि ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याचे हाल विचारू नका. निपाणी-चिकोडीकडच्यांना वेगळं सांगते. तंबाखूचा काढा करून पिकावर मारायची जुनी पद्धत सोडा. निकोटीन कातडीतून अंगात शिरतं. ओला तंबाखू हाताळणाऱ्यांना मळमळ आणि चक्कर कशामुळे येते, हे तिकडच्या माणसाला मी काय सांगणार.

३. माल कुठून आणायचा

स्वतःच्या बांधावरचा, परसातला सगळ्यात चांगला. तो नसेल तर बेळगावच्या रविवार पेठेत वाळलेला माल मिळतो, पण पुडीवर विश्वास ठेवू नका. अख्खा हिरडा, अख्खी शिकेकाई, अख्खं हळकुंड घ्या आणि घरी दळा. पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

रानातून आणायचं असेल तर आधी वनखात्याकडे विचारा. खानापूर तालुक्यातलं भीमगड हे अभयारण्य आहे, तिथून पाला-मुळं उचलणं म्हणजे वन्यजीव कायद्यात अडकणं. बाहेरच्या रानातही गौण वनउपज गोळा करायचा हक्क कोणाला आणि कशावर, हे ठरलेलं असतं. 'आमचे आजोबा आणायचे' हा जबाब फॉरेस्ट गार्डपुढे चालत नाही.

जांबोटी-कणकुंबीकडच्या वाचकांना नरक्या माहीत असेल. घाटमाथ्याच्या रानातलं हे झाड, फुलांना घाण वास. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं. ते 1966 मध्ये एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, पुढे नरक्यातही सापडलं. त्यावरून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरवरची औषधं तयार झाली. झालं, एजंट लोक रानात शिरले आणि झाडं मुळासकट गेली. कोणी 'किलोला इतके देतो, नरक्याचा पाला-लाकूड गोळा करून दे' म्हणालं तर सरळ नाही म्हणा. घरी त्याचा काढा करायचा विचारही नको. पेशी मारणारं रसायन आहे ते, आपली आणि कॅन्सरची पेशी त्याला वेगळी दिसत नाही.

४. वाळवण

अर्क बिघडतो तो इथेच. खानापूरच्या पावसात जुलै-ऑगस्टला पाला वाळवायचा प्रयत्न करू नका, काळा पडतो आणि बुरशी धरतो. बुरशी झटकून माल वापरू नका, तिचं विष आत उतरलेलं असतं आणि ते उकळूनही जात नाही.

पानं सावलीत, वारा खेळत्या जागी, कापडावर एकेरी पसरा. तुळस आणि गवती चहा उन्हात टाकला तर वासाबरोबर मालही उडून जातो. मुळं आणि साली तुकडे करून थोड्या उन्हात चालतील. वाळलं की नाही हे बघायला दोन दिवस ओळीने वजन करा. वजन उतरायचं थांबलं, पान चुरगाळल्यावर कुरकुरलं, मूळ वाकवल्यावर कट्‌कन तुटलं, की झालं.

५. कशात उतरवायचं: पाणी, तेल की दारू

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

पाण्यात उतरतात ती टॅनिन, सॅपोनिन, कोकमाचा लाल रंग आणि बरीचशी आम्लं. हिरडा, बेहडा, आवळा, शिकेकाई, रिठा यांना पाणीच पुरेसं. पाण्यातही तीन तऱ्हा आहेत. रात्रभर थंड पाण्यात भिजवलं तर हिम, साधारण एकास सहा पाणी. गरम पाणी ओतून झाकून ठेवलं तर फांट, एकास चार. आणि काढा म्हणजे एकास सोळा पाणी घेऊन आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळायचं. ही मापं आयुर्वेदाच्या ग्रंथांतली आहेत आणि आजही उपयोगी पडतात. साल, मूळ, टणक फळ यांचा काढा करा. नाजूक पानाचा आणि वासाच्या पाल्याचा फांट करा, तोही झाकण ठेवून. तुळस उघड्या पातेल्यात अर्धा तास खळखळ उकळणाऱ्यांच्या घरात वास छान दरवळतो. तो वास म्हणजेच युजेनॉल, आणि ते पातेल्यात राहिलेलं नसतं.

तेलात उतरतं ते कर्क्युमिन. हळद पाण्यात टाकली की पाणी पिवळं दिसतं, पण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, नुसते कण तरंगतात. फडक्यातून नीट गाळा आणि गाळ बघा, रंग तिथेच सापडेल. फोडणीत हळद तेलात टाकायची पद्धत कोणी प्रयोगशाळेत ठरवली नव्हती, पण ती बरोबर आहे. हळद नुसती खाल्ली तर कर्क्युमिन रक्तात फारसं पोचतही नाही. 1998 मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पायपेरिन दिलं, तर रक्तात पोचणारं प्रमाण सुमारे 20 पट वाढलं. हे वाचून लगेच हळद-मिरीच्या गोळ्या वळायला बसू नका. पायपेरिन इतर औषधांचंही शोषण वाढवतं, आणि दाट हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

अल्कोहोलमध्ये दोन्हीकडचं बरंच काही उतरतं, म्हणून कारखाने ते वापरतात. घरच्या कामाला मी ते सुचवत नाही. शुद्ध अल्कोहोल ठेवायला अबकारी खात्याची परवानगी लागते, आणि परवानगी नको म्हणून जे पर्याय शोधले जातात ते भयंकर असतात. पॉलिशचं स्पिरिट, सॅनिटायझर, दुकानातलं निळसर स्पिरिट यांत मिथेनॉल असू शकतं. त्याने डोळे जातात, जीवही जातो. यावर दुसरं मत नाही.

६. सामान आणि भांडी

* एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. मूठ, चिमूट, ओंजळ ही मापं विसरा.
* स्टीलची पातेली. हिरडा-आवळा लोखंडी कढईत घातला की टॅनिन लोखंडाशी मिळून शाई होते. केस काळे करायचे असतील तेव्हा हेच मुद्दाम करतात, एरवी नको. कोकमासारखं आंबट बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात कधीच नको.
* मलमलचं दुहेरी फडकं, वेगळा मिक्सर, रबरी हातमोजे.
* गडद काचेच्या बाटल्या, उकळून पूर्ण वाळवलेल्या.
* पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते बघायच्या कागदी पट्ट्या. शंभर-दोनशेत येतात आणि बोअरच्या पाण्याचं खरं रूप दाखवतात.
* वही. कुठला माल, कोणता भाग, किती ग्रॅम, किती पाणी, कोणत्या दिवशी. पुढच्या वर्षी अर्क वेगळा झाला तर कारण याच वहीत सापडतं.

७. पहिला अर्क निंबोळीचाच करा

चुकला तरी कोणाच्या पोटात जात नाही, आणि जमला की नाही ते पिकावर दिसतं. खानापूरच्या ओल्या पट्ट्यात कडुलिंब फारसा नाही, पण अथणी, रायबाग, गोकाककडे बांधाबांधावर आहे. जून-जुलैच्या सुमाराला पिकलेल्या निंबोळ्या पडतात. त्या रोजच्या रोज वेचा, गर धुऊन काढा, बी सावलीत वाळवा आणि गोणपाटात भरून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. साधारण तीन ते आठ महिन्यांचं बी चांगलं. फोडून बघा: आतली गिरी हिरवट-पांढरी हवी. तपकिरी, कुजट वासाची असेल तर टाकून द्या.

प्रमाण पाच टक्के, म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो गिरी. 15 लिटरच्या एका पंपाला 750 ग्रॅम. गिरी भरड कुटा. पीठ करू नका, तेल सुटून गोळा होतो. फडक्यात सैल पुरचुंडी बांधून दीड-दोन लिटर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ती पाण्यातच दाबत, पिळत राहा. पहिलं पाणी ताकासारखं पांढरं येतं, वर बारीक फेस धरतो, आणि उग्र, लसणीसारखा वास हाताला दिवसभर राहतो. पांढरेपणा यायचा थांबेपर्यंत पिळा. मग दुहेरी फडक्यातून गाळा. गाळण्यात आळस केलात तर नोझल तुंबणार आणि भर शेतात ते उघडून फुंकत बसावं लागणार. त्यात साध्या साबणाचा चुरा 30 ग्रॅम विरघळवून घाला, म्हणजे अर्क पानाला धरतो, आणि पाणी 15 लिटर करा.

फवारणी संध्याकाळी. अझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही, अल्कधर्मी पाण्यातही टिकत नाही. पट्टी लावून बघा. बोअरचं पाणी पीएच 8 च्या वर दाखवत असेल तर विहिरीचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या. अर्क त्याच दिवशी संपवा, उद्याला ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी अळ्या मेलेल्या दिसणार नाहीत. शेजारी हसेल, हसू दे. हे रसायन अळीची भूक मारतं आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, त्याला काही दिवस लागतात. मोठ्या झालेल्या अळ्यांवर फारसा इलाज होत नाही, म्हणून अंडी आणि लहान अळ्या दिसताच फवारा. आणि कडुलिंबाचं तेल लहान मुलांना पाजू नका. त्याने मुलांना झटके येऊन मेंदूवर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत.

८. मग माक्याचं तेल

तेल सिद्ध करायचा साधा नियम: वाटण एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. अर्धा लिटर खोबरेल किंवा तिळेल घेतलं तर माक्याचं वाटण 125 ग्रॅम आणि रस किंवा काढा 2 लिटर. मंद आचेवर ठेवा आणि तळ ढवळत राहा. बराच वेळ काही घडत नाही, मग शेवटच्या अर्ध्या तासात सगळं घडतं. तडतड कमी होते, तेलावर फेस येतो, तळातला गाळ आधी चिकट आणि मग मऊ मेणासारखा होतो. त्यातला चिमूटभर घेऊन बोटांत वळा. वात वळली, आणि ती वात जाळावर धरल्यावर चटचट आवाज आला नाही, की पाणी गेलं. लगेच उतरवा आणि कोमट असतानाच गाळा. आवाज येत असताना उतरवलं तर तेल महिनाभरात खवट होतं. फार पुढे गेलं तर गाळ करपून तेलाला जळका वास लागतो.

वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस वाट बघा. शेजारणीला बाटली देण्याआधीही हेच.

९. पोटात जाणारं

घरच्यापुरतं सार, आमसुलाचं सरबत, आल्याचा चहा, हे स्वयंपाक म्हणून करा. काढा रोज ताजा, उरलेला ओतून द्या. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेला काढा म्हणजे जंतूंची सोय.

अडुळसा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून त्याचंच उदाहरण. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ सुटण्याचं औषध घडवलं गेलं, आणि पुढे त्यापासून ॲम्ब्रॉक्सॉल. म्हणजे खोकल्याच्या बऱ्याच सिरपचं मूळ आपल्या कुंपणातच आहे. पण हेच व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. गरोदर बाईला अडुळशाचा काढा देणं धोक्याचं आहे, हे किती घरांत माहीत असतं? वेखंडाचंही तसंच. बाळगुटीत आपण ते सहज उगाळतो, पण त्यात बीटा-ॲसरोन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्यामुळे अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली.

ज्यांना साखरेची, रक्तदाबाची, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ज्यांना यकृताचा किंवा किडनीचा त्रास आहे, जी बाई गरोदर आहे किंवा अंगावर पाजते, आणि लहान मुलं, यांना तुमच्या हातचा अर्क देऊ नका. मागितला तरी वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे पाठवा, आणि जाताना चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायला सांगा.

१०. विकायचं ठरलं तर कागद

नियम सोपा: माल ज्या राज्यात तयार होतो, परवाना त्या राज्याचा. तुमचं युनिट खानापुरात असेल तर कर्नाटकच्या आयुष खात्याकडून, चंदगडात असेल तर महाराष्ट्राच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून). गिऱ्हाईक कोल्हापूरचं आहे म्हणून महाराष्ट्रात अर्ज करायचा नसतो. यावरून माणसं महिनोन्‌महिने दोन्हीकडे हेलपाटे घालतात.

* आयुर्वेदिक औषध: अर्ज 24-डी, परवाना 25-डी. स्वच्छता आणि जागेचे नियम अनुसूची टी मध्ये. देखरेखीला आयुर्वेदाचा पदवीधर हवा. स्वतःची जागा नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपला माल करून घ्यायची सोय आहे, त्याला लोन लायसन्स म्हणतात (अर्ज 24-ई). छोट्या गटाला मी हाच रस्ता सांगते.
* नुसतं सौंदर्यप्रसाधन: सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे वेगळा परवाना.
* सरबत, आमसूल, मसाला: एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा कागद.
* निंबोळी अर्क: आपल्या शेतापुरता मोकळा. बाटलीत भरून कीटकनाशक म्हणून विकायचा तर कीटकनाशक कायदा, 1968 खाली नोंदणी लागते, आणि ती गटाच्या आवाक्यातली नाही.

जवळ ठेवायचे कागद: आधार, पॅन, गटाचा ठराव आणि पासबुक, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, जागेचा नकाशा, पंचायतीचा किंवा पालिकेचा दाखला, उद्यम नोंदणी, पाणी तपासल्याचा अहवाल. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते आधी बघा. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना पहाणीवर (कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावर) एक, आधारवर दुसरं झालेलं असतं, आणि फाईल तिथेच अडते. आडनावाची तर खास तपासणी करा.

लेबलवर 'साखर मुळापासून बरी', 'मूतखडा पाडतो', 'कॅन्सरवर गुणकारी' असलं काही छापू नका. 1954 चा जादूटोणावजा औषधांच्या जाहिरातींवरचा कायदा अशाच दाव्यांसाठी आहे, आणि व्हॉट्सॲपवर फिरवलेलं पोस्टरही जाहिरातच. लेबल छापायला टाकण्याआधी मसुदा आयुष खात्याच्या ऑफिसात दाखवून घ्या. हजारभर स्टिकर छापून झाल्यावर एक ओळ खोडायला सांगितली की सगळा गठ्ठा रद्दीत जातो.